चीफूची शाळा आणि तिची मुले

स्मरणिकेसाठी लेख मागताना आपल्या संपादक मंडळाने मला आधीच बजावले होते, "आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू जन्मभर इतिहास शिकवलास, तू एखाद्या शाळेचा इतिहास लिही." आपल्या शाळेचा इतिहास या अंकात अधिक अधिकारी हातांनी लिहिला गेला आहे. म्हणून मी एका परक्या शाळेची हकीकत सांगणार आहे. ती चीनच्या किनाऱ्यावर होती, इंग्रजांची होती, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तिचे नावही ऐकले नसेल. पण शाळेची इमारत, मैदान, बाके, पुस्तके सगळे काढून घेतले तर मागे काय उरते, या प्रश्नाचे उत्तर त्या शाळेला प्रत्यक्ष द्यावे लागले. तिचे माजी विद्यार्थीही आपल्यासारखेच केस पिकल्यावर एकमेकांना शोधत जमले. म्हणून ही हकीकत आपल्या मेळाव्यात शोभेल असे वाटते.

समुद्रकाठची शाळा

चीनच्या नकाशात शान्तुंग प्रांत समुद्रात शिरलेल्या कोपरासारखा दिसतो. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर यानताई हे बंदर आहे. अफूच्या दुसऱ्या युद्धानंतर झालेल्या तहांमुळे ते परदेशी व्यापाराला खुले झाले, आणि परदेशी लोक त्याला चीफू म्हणू लागले. इथली हवा चीनच्या आतल्या भागापेक्षा सुखाची, उन्हाळ्यात समुद्रावरून वारा येणार. हडसन टेलर या इंग्रज मिशनऱ्याने १८६५ साली चायना इनलँड मिशन ही संस्था काढली होती. तिचे लोक चीनच्या दूरदूरच्या प्रांतांत, जिथे जायला महिनोन्‌महिने लागत अशा गावी राहत. त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी टेलरने १८८१ साली चीफूला शाळा काढली.

अशी शाळा का लागली, हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांपुढेही हाच पेच होता. मूल पाच-सहा वर्षांचे झाले की त्याला विलायतेला धाडायचे, ही त्यांची रीत. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगला १८७१ साली धाकट्या बहिणीसह इंग्लंडला नेऊन परक्या घरी ठेवले, आणि ते दुःख त्याने जन्मभर मनात ठेवले. ज्यांना हे नको होते किंवा परवडत नव्हते त्यांच्यासाठी थंड हवेच्या ठिकाणी शाळा निघाल्या. पाचगणीच्या जुन्या शाळांचे मूळ त्यातच आहे. चीफूची शाळा ही त्यांचीच चीनमधली बहीण. मूल निदान त्याच देशात राहील, हा त्यातला दिलासा होता.

पण देश चीनएवढा असेल तर 'त्याच देशात' या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. युन्नान किंवा कान्सू प्रांतातून आलेल्या मुलाला सुट्टीत घरी जाऊन परत येणे जमत नसे. सहाव्या-सातव्या वर्षी आलेले मूल आईवडिलांना पुन्हा भेटेपर्यंत कधी कधी वर्षे जात. पुढे जे घडले त्याचे बीज या अंतरात आहे.

घंटेवर चालणारा दिवस

शाळेचे तीन भाग होते. लहानांची शाळा, मुलींची शाळा आणि मुलांची शाळा. विद्यार्थी मुख्यतः ब्रिटिश, पण अमेरिकन, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, स्कँडिनेव्हियन मुलेही असत. आजच्या भाषेत तिला आंतरराष्ट्रीय शाळा म्हणता येईल. मात्र साचा पूर्ण विलायती होता. घंटा झाली की उठायचे, घंटा झाली की प्रार्थना, घंटेवर न्याहारी आणि घंटेवर वर्ग. लॅटिन, फ्रेंच, गणित, इंग्लंडचा इतिहास, बायबल. दुपारी क्रिकेट, फुटबॉल, हॉकी. उन्हाळ्यात समुद्रात पोहणे आणि होड्या वल्हवणे. रविवारी चर्च, मग दोघादोघांच्या रांगेने फिरायला जाणे, आणि घरी पत्र लिहिणे. शेवटी ऑक्सफर्ड विद्यापीठाची शालान्त परीक्षा. तिचे निकाल हा शाळेचा अभिमान होता.

विद्यार्थ्यांत पुढे नाव कमावलेले लोक निघाले. 'टाइम' साप्ताहिक काढणारा हेन्री लूस आणि अमेरिकन नाटककार थॉर्नटन वाइल्डर हे दोघे १९११-१२ च्या सुमारास एकाच वेळी इथे होते. लूस शाळेत रमला नव्हता. शिस्त कडक, छडीचा मुक्त वापर, आणि तो बोलताना अडखळत असे. प्रसिद्ध माजी विद्यार्थ्यांची नावे शाळा भिंतीवर रंगवते, पण त्यांना शाळेत किती सुख होते हे त्या भिंतीवर नसते. शिक्षक म्हणून ही गोष्ट मी स्वतःला वारंवार आठवून देत असे.

आणखी एक उणीव इतिहासाच्या विद्यार्थ्याला टोचते. शाळा चीनमध्ये होती, पण चीन शाळेत नव्हता. चिनी मुलांसाठी ती नव्हतीच. चिनी भाषेला अभ्यासक्रमात जवळपास जागा नव्हती. चिनी माणूस म्हणजे स्वयंपाकी, माळी, धोबी आणि आया. ज्यांचे आईवडील चिनी खेड्यांत राहून चिनी बोलत, त्यांचीच मुले यानताईच्या रस्त्यावर पाहुण्यासारखी वावरत. जन्म एका देशात, अभ्यास दुसऱ्या देशाचा, ही कसरत आपल्याकडेही साहेबाच्या काळात चालली होती. फरक इतकाच की आपल्या आजोबांनी घरी येऊन मराठीत जेवण मागितले. या मुलांना संध्याकाळी परतायला घर नव्हते.

शाळेच्या प्रवासाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९३५ च्या जानेवारीअखेर सुट्टी संपवून परतणारी सत्तरएक मुले आणि त्यांचे शिक्षक 'तुंगचौ' या आगबोटीने शांघायहून चीफूला निघाले. उतारू म्हणून चढलेल्या चाच्यांनी वाटेत बोट ताब्यात घेतली आणि थेट दक्षिणेला, हाँगकाँगजवळच्या बायस बे या उपसागराकडे वळवली. एक पहारेकरी मारला गेला. बोट चीफूला पोचली नाही तेव्हा शोधाशोध सुरू झाली, आणि शेवटी ब्रिटिश आरमाराच्या 'हर्मिस' जहाजावरच्या विमानांनी तिचा पत्ता लावला. चाचे किनाऱ्याला उतरून पळाले. मुलांना ओरखडाही आला नव्हता. चाच्यांना बोटीवर नोटांचा मोठा खजिना मिळेल असे वाटले होते, पण मिळालेल्या नोटांवर सह्याच व्हायच्या होत्या. दूर प्रांतातल्या आईवडिलांना मात्र हे सगळे पत्रातूनच कळायचे.

शाळेतून कैदेत

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला चीफू जपान्यांच्या ताब्यात गेले. ब्रिटन तेव्हा जपानशी लढत नव्हते, त्यामुळे शाळा चालू राहिली. ८ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरच्या बातमीबरोबर, सगळे पालटले. जपानी सैनिक शाळेच्या दारात आले. मुख्याध्यापकांना इतर परदेशी पुरुषांबरोबर अटक झाली आणि काही आठवडे ते कैदेत होते. मैदानावर एका शिंतो पुरोहिताने विधी केला आणि शाळेची मालमत्ता जपानच्या सम्राटाची झाली असे जाहीर झाले. मुलांच्या दंडाला राष्ट्रीयत्व सांगणाऱ्या पट्ट्या आल्या. तरीही दुसऱ्या दिवशी तासांची घंटा झालीच.

५ नोव्हेंबर १९४२ ला शाळा रिकामी करण्याचा हुकूम निघाला. हाती धरवेल तेवढे सामान घेऊन मुले आणि शिक्षक रांगेने गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेंपल हिल नावाच्या टेकडीवरच्या मिशनच्या घरांकडे चालत निघाले. वाटेत ती स्तोत्र गात होती. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात कित्येक डझन माणसे कोंबली गेली. तिथे दहा महिने गेले. १९४३ च्या सप्टेंबरात त्यांना बोटीने आणि मग आगगाडीने वेइश्येन इथल्या मोठ्या छावणीत हलवण्यात आले. आज त्या शहराला वेइफांग म्हणतात.

वेइश्येनची छावणी म्हणजे अमेरिकन मिशनचे एक जुने आवार. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर आणि खोल्यांच्या लांबच लांब चाळी. योगायोग असा की चीफूच्याच हेन्री लूसचे आईवडील पूर्वी याच आवारात राहिले होते. त्या आवाराचे चिनी नाव होते 'आनंदमार्गाचे अंगण'. या आनंदमार्गाभोवती आता विजेच्या तारा आणि पहाऱ्याचे मनोरे होते, आणि आत चौदा-पंधराशे माणसे. पेकिंग-टिएन्टसिनचे व्यापारी, प्राध्यापक, पाद्री, ननी, वादक, दारुडे, बायकामुले. पहारा जपान्यांचा, पण आतला कारभार कैद्यांनीच चालवायचा. चीफू शाळेची शंभराहून अधिक मुले या गर्दीत आली, आणि त्यांतल्या बहुतेकांचे आईवडील चीनच्या दुसऱ्या टोकाला, जपान्यांच्या ताब्याबाहेरच्या प्रदेशात होते. पत्रव्यवहार जवळपास तुटला होता. या मुलांना आता शिक्षकांखेरीज कोणी नव्हते.

भिंतीआडचे वर्ग

शिक्षकांनी काय केले? शाळा भरवली.

बाके नव्हती, तेव्हा मुले ट्रंकांवर आणि गाद्यांवर बसली. कागद नव्हता, तेव्हा लिहिलेले खोडून त्याच कागदावर पुन्हा लिहिले. ज्या खोलीत झोपायचे तिथेच गुंडाळलेल्या अंथरुणांमध्ये लॅटिनचे तास झाले. ऑक्सफर्डच्या प्रश्नपत्रिका चीनमध्ये येऊ शकत नव्हत्या, म्हणून शिक्षकांनी त्याच धर्तीवर प्रश्नपत्रिका काढल्या, मोठ्या मुलांची रीतसर परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिका जपून ठेवल्या. लढाई संपल्यावर ऑक्सफर्डने ते निकाल मान्य केले. उद्या आपण जिवंत असू की नाही याची खात्री नसताना परीक्षेचे वेळापत्रक लावणे म्हणजे मुलांना न बोलता सांगणे होते की तुम्हाला उद्या आहे, आणि त्याची तयारी आजच करायची आहे.

वर्गाइतकेच वर्गाबाहेरचे शिक्षण चालले. शाळेच्या गाइड मुलींची पथके होती, लहानींचे पथकही होते, ज्यांना आपल्याकडे बुलबुल म्हणतात. छावणीतही त्यांच्या सभा भरत, बिल्ले मिळवायची धडपड चाले. रोज हजेरीची घंटा होई आणि सगळ्यांनी रांगेत उभे राहून जपानी आकड्यांत मोजणी द्यायची. मोजणी चुकली की पुन्हा, आणि मग तासभर उभे. त्या रिकाम्या वेळात मुले गोट्या खेळत, एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारत, गाइडच्या परीक्षेसाठी बावट्यांच्या खुणांचा सराव करत.

खाणे हा खरा प्रश्न होता. पाव मिळे, आणि काओलियांगची लापशी मिळे. काओलियांग म्हणजे आपली ज्वारीच. भाकरीवर वाढलेल्या आपल्याला त्यात काही विशेष वाटणार नाही, पण तिकडे ती जनावरांचा चारा समजली जाई, आणि रोज सकाळी तेच. अंडी अधूनमधून भिंतीवरून चोरट्या वाटेने येत. या व्यापाराचा म्होरक्या होता स्कॅनलन नावाचा एक ऑस्ट्रेलियन ट्रॅपिस्ट साधू. तो पकडला गेला आणि त्याला एकांतवासाची शिक्षा झाली. शिक्षेत तो रात्री मोठमोठ्याने प्रार्थना गाऊ लागला, तेव्हा झोपमोड झालेल्या पहारेकऱ्यांनी त्याला लवकर परत पाठवले. अंडी खाऊन झाली की टरफले टाकायची नाहीत. ती कुटून त्यांची पूड चमच्याने मुलांना भरवली जाई. दूध नव्हते, वाढत्या हाडांना चुना हवा. मुले तोंड वेडेवाकडे करत आणि गिळत.

थंडीत शान्तुंगमध्ये पाणी गोठते. जळणाला कोळशाचा चुरा मिळे. मुली बादल्या हातोहात पुढे देत तो वाहून आणत, त्यात माती आणि पाणी कालवून गोळे करत आणि उन्हात वाळवत. आपल्या आया-आज्या गोवऱ्या थापत, तसेच. कोणाच्या खोलीतली शेगडी जास्त लाल होते याची मुलांत चढाओढ लागे. शनिवार ढेकूण मारायचा. चाकू, टाचण्या, उकळते पाणी घेऊन भिंतींच्या फटींवर स्वारी होई. उन्हाळ्यात बूट वाचवायला सगळे अनवाणी फिरत. थोराड मुलांच्या वाट्याला पाण्याचे पंप ओढण्याच्या पाळ्या होत्या.

आणि शिष्टाचार. जेवण पत्र्याच्या डब्यात असले तरी पाठ ताठ, तोंडात घास असताना बोलायचे नाही, मागताना विनंतीचे शब्द वापरायचे. लंडनच्या राजवाड्यातल्या राजकन्यांसाठी एक रीत आणि छावणीतल्या मुलींसाठी दुसरी, असे काही नसते, हे शिक्षिका पुन्हा पुन्हा सांगत. बाहेरून पाहणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. मलाही पहिल्यांदा वाचताना हसू आले. मग लक्षात आले की त्या आवारात मुलांच्या मालकीची म्हणावी अशी एवढीच वस्तू उरली होती.

हे सारे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. १९४४ साली हजेरीच्या रांगेत एका सोळा वर्षांच्या मुलाचा हात सैल होऊन लोंबणाऱ्या विजेच्या तारेला लागला आणि सगळ्यांच्या देखत तो गेला. ज्याने परीक्षेचा अभ्यास केला होता, पंप ओढला होता, असा एक मुलगा. शाळेने मुलांना पुष्कळ गोष्टींपासून वाचवले, पण सगळ्यांना वाचवता आले नाही.

एरिककाका

छावणीत मुलांचा एक लाडका माणूस होता. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारा एरिक लिडेल. शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून त्याने ती शर्यत सोडली होती, ही गोष्ट 'चॅरियट्स ऑफ फायर' या चित्रपटामुळे जगाला माहीत आहे. पुढचे कमी लोकांना माहीत असते. लिडेल टिएन्टसिनमध्ये जन्मला होता, आणि पदक मिळवल्यावर वर्षभरातच तो त्याच गावी शिक्षक म्हणून परतला. विज्ञान शिकवायचा, खेळ घ्यायचा. १९४१ साली त्याने गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. तिसऱ्या मुलीला त्याने कधी पाहिले नाही.

वेइश्येनमध्ये तो मुलांचा 'एरिककाका' झाला. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून उपकरणांची चित्रे काढून त्याने रसायनशास्त्र शिकवले. त्यासाठी हाताने पुस्तक लिहिले. मोडलेल्या हॉकीच्या काठ्यांना चादरींच्या चिंध्या गुंडाळून त्या दुरुस्त केल्या. रविवारी मुलांनी खेळायचे नाही, असा पाद्री मंडळींचा नियम होता. मुलांनी तो मोडून सामना खेळला, आणि पंच नसल्यामुळे मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल शिट्टी घेऊन मैदानावर आला. ज्या माणसाने रविवारसाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली, तोच मुलांची डोकी फुटू नयेत म्हणून रविवारी पंच झाला. शिक्षक कोणाला म्हणावे, असे मला विचारले तर मी ही गोष्ट सांगते. स्वतःसाठी ठेवलेला नियम त्याने मुलांवर लादला नाही.

थंडीच्या दिवसांत एका मुलाच्या पायात धड बूट नव्हते. लिडेलने त्याला आपले धावण्याचे जुने बूट दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २१ फेब्रुवारी १९४५ ला, मेंदूतल्या गाठीने तो छावणीतच वारला. वय ४३.

सात छत्र्या

१७ ऑगस्ट १९४५ ला सकाळी एक अमेरिकन विमान छावणीवर खाली आले, आणि भिंतीबाहेरच्या शेतात सात छत्र्या उतरल्या. माणसे वर्षांची भीती विसरून फाटकातून बाहेर धावली. पहारेकऱ्यांनी गोळी झाडली नाही. त्या सात जणांमध्ये एक चिनी दुभाषा होता आणि एक जपानी वंशाचा अमेरिकनही होता. मुलांनी छत्रीच्या कापडाचे तुकडे आठवण म्हणून कापून घेतले. परतल्यावर छावणीच्या बँडने एकापाठोपाठ देशोदेशीची गीते वाजवली.

गर्दीत बारा वर्षांची मेरी टेलर होती, शाळेच्या संस्थापकाची पणती. ती आणि तिची भावंडे साडेपाच वर्षांनी आईवडिलांना भेटली. धाकट्या मुलांना आईवडिलांची पुन्हा नव्याने ओळख करून घ्यावी लागली. एक पिढी अशी आईवडिलांकडे 'पाहुणी' म्हणून परतली.

ही मेरी पुढे अमेरिकेत गेली, मेरी प्रेव्हिट या नावाने न्यू जर्सी राज्याच्या विधानसभेवर निवडून आली. १९९७ साली, चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर लढलेल्या माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात तिने आपल्या सात सुटकाकर्त्यांची नावे वाचून दाखवली आणि विचारले, यांतले कोणी कोणाला माहीत आहे का? तिथून शोध सुरू झाला. तेव्हा हयात असलेल्यांना आणि गेलेल्यांच्या पत्नींना ती एकेक करून शोधून, देशभर प्रवास करून भेटली. शेवटचा राहिला होता चिनी दुभाषा. तो सापडायला आणखी बरीच वर्षे लागली, आणि ऐंशी ओलांडलेली मेरी त्याला भेटायला चीनला गेली. सत्तर वर्षे उशिरा सांगितलेला धन्यवाद!

शाळेचे काय झाले? चीफूची इमारत तिला परत मिळाली नाही. काही वर्षे ती लुशान पर्वतावर चालली, १९५१ मध्ये चीनमधून उठली, मलायातल्या कॅमेरॉन हायलँड्सवर स्थिरावली आणि २००१ साली कायमची बंद झाली. वेइश्येनच्या जुन्या आवारात आज चिनी मुलांची शाळा आहे. २००५ मध्ये सुटकेच्या साठाव्या वर्षी वेइफांग शहराने सोहळा केला, तेव्हा जगभरातून म्हातारे झालेले 'विद्यार्थी' तिथे परतले. लहानपणी ज्या देशाची भाषा त्यांना कोणी शिकवली नाही, त्याच देशाने त्यांचे स्वागत केले.

हिशेब

इतिहास शिकवणाऱ्याला शेवटी जमाखर्च मांडावा लागतो. खर्चाची बाजू मोठी आहे. या शाळेनेच मुलांना आईपासून तोडले, आणि ज्या देशात ती राहत होती त्या देशापासूनही. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी हा सल नंतर बोलून दाखवला. जमेची बाजूही तेवढीच खरी आहे. सगळे हिरावल्यावर त्या शिक्षकांनी मुलांचे बालपण तारांच्या आत शाबूत ठेवले. दोन्ही नोंदी एकाच वहीत आहेत, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

मेरी प्रेव्हिटने सांगितलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. मोठेपणी ती आपल्या एका वृद्ध शिक्षिकेला भेटली आणि तिने विचारले, छावणीत तुम्हाला भीती वाटत नव्हती का? शिक्षिका म्हणाल्या की त्या देवाकडे एकच मागत असत. आम्हाला रांगेत उभे करून गोळ्या घालायची वेळ आली, तर पहिल्या काही जणांत माझा नंबर लागू दे. ज्या बाई दिवसा मुलांना ताठ बसायला सांगत होत्या, त्या रात्री हे मागत होत्या. मुलांना याचा पत्ता नव्हता. शिकवणे म्हणतात ते बहुधा हेच असावे.

हे वाचले तेव्हा मला आपली सातवी आठवली. त्या पावसाळ्यात वादळाने वर्गाचे पत्रे उडाले आणि महिनाभर आपला वर्ग मारुतीच्या देवळात भरला. आपल्याला ती मौज होती. सभामंडपात पाढे घुमायचे आणि प्रसादाचे खोबरे मिळायचे. बाई रोज वेळेवर यायच्या, हजेरी घ्यायच्या, खडूने फरशीवर नकाशा काढायच्या. त्यांचे स्वतःचे घर त्याच गल्लीत होते. त्या वादळात त्यांच्या छपराचे काय झाले, हे आपल्यापैकी एकानेही त्यांना विचारले नाही.

मेळाव्याला आपले पाच शिक्षक येणार आहेत असे कळले. सत्कार, शाल, श्रीफळ होईलच. पण भाषणे आटोपल्यावर, जेवणाची पाने मांडली जात असताना, एकेकाने त्यांच्याजवळ जाऊन बसावे आणि विचारावे, "सर, बाई, तेव्हा तुमचे कसे चालले होते?" मेरीला पन्नास वर्षे लागली. आपल्याला चाळीस लागली आहेत. अजून उशीर झालेला नाही.